ट्रिप, ड्रिप आणि पाचवं तोंड

संपादकांचा फोन आला तेव्हा मला आधी शंका आली. आयुष्यभर मोटारीचं बटन दाबणाऱ्या माणसाला दिवाळी अंकात कशाला बोलावतात? नक्कीच कुणीतरी त्यांना काहीतरी सांगितलेलं असणार. मी विचारलं, "माझं नाव कुणी दिलं?" ते म्हणाले, "सहज सुचलं." सहज सुचलं म्हणणाऱ्या माणसावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला देव भेटला तरी तुम्ही त्याला ओळखपत्र मागाल." ती चुकीचं बोलली असं मला म्हणता येणार नाही.

पण हा संशय मी आईच्या पोटातून आणलेला नाही. तो मला नोकरीनं लावला आणि दोन इंग्रजी शब्दांनी वाढवला. ट्रिप आणि ड्रिप.

आधी ट्रिप. मोटारीवर झेपणार नाही इतका भार आला की स्टार्टरमधला रिले तापतो आणि खट्‌ आवाज करून मोटार बंद पाडतो. मोटार जळू नये म्हणून ही सोय असते. त्याला म्हणायचं ट्रिप झाली. ही माझी ट्रिप. टँकरने गावात पाण्याची एक खेप टाकली की तीही ट्रिप, ती तहसीलची. उसाची गाडी फडातून कारखान्याला एकदा जाऊन आली की ट्रिप, ती मुकादमाची. शाळेची पोरं कपिलधारला जातात ती ट्रिप. दुष्काळाच्या वर्षीही पोरं गेली होती. धबधब्याच्या जागी ओला डागसुद्धा नव्हता, म्हणून मास्तरांनी "पाणी इथून पडतं" असं बोटाने दाखवून सगळ्यांना परत आणलं. आमचं संचालक मंडळ दुसऱ्या राज्यात शेती बघायला गेलं, त्याला कागदावर अभ्यास दौरा म्हटलं होतं आणि गावात ट्रिप.

ड्रिपची तीच गत. ड्रिप म्हणजे ठिबक, त्या काळ्या नळ्या. ड्रिप म्हणजे सरकारी योजना. ड्रिप म्हणजे त्या नळ्या विकणारा माणूससुद्धा, "ड्रिप आलता का?" असं कुणी विचारलं की तो मोटारसायकलवाला आला होता का, असा अर्थ. तालुक्याच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आला तो सलाईनलाही ड्रिप म्हणायचा. आमच्या संस्थेचे एक सभासद भागवतराव, त्यांच्या आईला ड्रिप लावल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तर यांनी पहिला प्रश्न विचारला, "फिल्टर बशिवलाय का?" हे भागवतराव पुढे येणार आहेत, म्हणून ओळख करून ठेवली.

तर आमची संस्था म्हणजे उपसा जलसिंचन सहकारी संस्था. माजलगावच्या धरणाचं पाणी मागे जिथवर पसरतं, त्या फुगवट्याच्या काठाला आमचं गाव. काठावर एक खोल विहीर बांधलेली, तिच्यावर पंपहाऊस, आणि तिथून निघालेली मोठी पाइपलाइन सभासदांच्या शेतांतून टोकापर्यंत गेलेली. धरणाचं पाणी उचलून वर नेणं एवढंच काम. ते मी करायचो. लोक मला मिस्त्री म्हणत.

पाइपलाइनला जागोजागी तोंडं ठेवलेली होती. एका वेळी चारच तोंडं उघडायची, असा नियम. कारण आमच्या मोटारीची ताकद चार तोंडांपुरती होती. तोंडं उघडायची लोखंडी चावी, काठीएवढी लांब, व्हॉल्व्हमनकडे. मोटार चालू करायची किल्ली माझ्याकडे. पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरत.

कार्यालयाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात 'विश्वास हाच सहकाराचा पाया' असं रंगवलेलं होतं, आणि त्याच भिंतीखाली बसून सर्वसाधारण सभेनं एक ठराव केला होता. माझ्याआधीच्या ऑपरेटरनं आणि व्हॉल्व्हमननं संगनमत करून एकाच्याच मळ्यात पाणी सोडलं होतं म्हणे. तेव्हापासून ठराव असा, की ऑपरेटर आणि व्हॉल्व्हमन यांनी एकत्र बसू नये, एकत्र जेवू नये, आणि एकमेकांशी बोलू नये. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटेल. पण तो ठराव एकमताने पास झाला होता, आणि आमच्याकडे एकमतानं पास झालेला मला माहीत असलेला तो एकमेव ठराव.

मग काम कसं चालायचं? मिस्ड कॉलवर. व्हॉल्व्हमननं चार तोंडं उघडली की मला एक मिस्ड कॉल. मी मोटार चालू करायचो. पाळी बदलली की दोन मिस्ड कॉल. फोन उचलायचा नाही. भागवतराव अधूनमधून येऊन माझा फोन तपासून जात, उचललेला एखादा फोन सापडतोय का म्हणून.

हे भागवतराव आपल्या पाळीला घरचं गजराचं घड्याळ घेऊन पंपहाऊसमध्ये येऊन बसत. माझ्या भिंतीवर घड्याळ होतं, पण ते संस्थेचं, म्हणून त्यांचा त्याच्यावर भरवसा नव्हता. मी लघवीला उठलो तरी विचारत, "कावून उठले?" एकदा त्यांच्याच पाळीत मोटार बंद पडली. स्टार्टरचं झाकण उघडलं तर आत एक पाल चिकटून मेलेली. मी ती चिमट्यानं काढून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी पालीकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "ही इथं आली कशी, ते बगावं लागंल."

अशा माणसांत राहून मी साधा कसा राहणार? मीही त्यांच्यातलाच झालो. मला सगळ्यांवर शक यायचा, फक्त मोटारीवर नाही. मोटारीसमोर दोन काटे असतात. एक विजेचा दाब दाखवतो, दुसरा मोटार किती ताकद ओढतेय ते दाखवतो. त्या दोन काट्यांवर मी माझ्या सख्ख्या भावापेक्षा जास्त विश्वास ठेवला.

व्हॉल्व्हमनचं नाव लिंबाजी. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, डोक्याला कायम टॉवेल. त्याच्याबरोबर मी अकरा वर्षं काम केलं आणि अकरा वर्षांत त्याचा आवाज मी जेमतेम ऐकला. यात्रेत भेटला तर तो हात जोडायचा, मी मान हलवायचो, आणि दोघंही कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघायचो.

मग दुष्काळ आला. पहिलं वर्ष कसंबसं गेलं, दुसऱ्या वर्षी धरण मृतसाठ्यात गेलं. काठापासून पाणी इतकं लांब सरकलं की आम्हाला विहिरीपर्यंत चर खोदून ते ओढून आणावं लागलं. ऊस तर आधीच मोडून जनावरांना घातला होता. उरल्या होत्या मोसंबीच्या बागा. दहा-बारा वर्षांची झाडं. एकदा वाळली की माणसाचं वय निघून जातं पुन्हा तेवढी करायला. संस्थेनं ठरवलं की मोकळं पाणी बंद, फक्त ड्रिपवर झाडं जगवायची. पाइपलाइनच्या तोंडांना थेट ड्रिपच्या नळ्या जोडल्या. वीज दिवसाला आठ तास. त्या आठ तासांत दोन पाळ्या, तीन वाजता बदल.

आणि रोज तीनच्या सुमारास मोटार ट्रिप व्हायला लागली.

एकदा झालं तर कुणी लक्ष देत नाही. दोनदा झालं तर विजेच्या नावानं बोटं मोडायची. पण रोज? तीन वाजून पाच-दहा मिनिटांनी काटा वर चढायला लागायचा, आणि अर्ध्या तासात खट्‌. रिले थंड होईपर्यंत थांबा, लाइनमध्ये पुन्हा पाणी भरा, दाब येऊ द्या, यात पाऊण तास जायचा. दुसऱ्या पाळीतल्या शेवटच्या शेतांना पाणी पोचायचंच नाही. टोकाला भागवतरावांची बाग. तिची पानं वळायला लागली होती.

देवळासमोर सभा बसली. चेअरमनना गाव अण्णा म्हणायचं. मोठे बागायतदार, बोलणं मऊ, नजर मात्र मापं घेणारी. सुरुवात भागवतरावांनी केली.

"मोटार सकाळी का बंद पडत न्हाई? तीनलाच कावून? मिस्त्री कुनाच्या सांगन्यावरून बंद करतो, ते आमाला कळू द्या."

मी म्हणालो, "मी हात लावत नाही. आपोआप होते."

"आपोआप तर पाऊस बी पडंना बे!"

लोक हसले. मला हसू आलं नाही. कुणीतरी म्हणालं, मिस्त्रीला पहिल्या पाळीवाल्यांनी धरून ठेवलंय. कुणी म्हणालं, अण्णांचीच बाग पहिल्या पाळीत आहे. ते ऐकून अण्णा ताठ झाले. त्यांच्यावर आलेलं त्यांनी लगेच माझ्याकडे वळवलं.

"मिस्त्री, आठ दिवस देतो. कारण शोधून काढा. न्हाईतर किल्ली ठिवा. मपल्या नावाला काळं लागू देनार न्हाई मी."

घरी दोन पोरी लग्नाच्या. हातात दुसरं कसब नाही. पण खरं सांगू, किल्ली जाण्यापेक्षा मला चोर ठरवलं जाण्याचा राग जास्त होता. मी, जो सगळ्या जगावर संशय घेतो, त्याच्यावरच संशय!

दुसऱ्या दिवशी मी काट्यांसमोर स्टूल टाकून बसलो. इथे थोडं मोटारीचं सांगावं लागेल, सोपं आहे. वीज कमी आली तरी मोटार ट्रिप होते. पण मग विजेचा काटा खाली पडलेला दिसतो. तो तर जागचा हलत नव्हता. दुसरं कारण उलटं आहे आणि लोकांना ते पटत नाही. लोकांना वाटतं, पाणी अडलं की मोटारीवर भार येतो. तसं नसतं. पाण्याला जास्त वाट मिळाली, की पंप जास्त पाणी फेकायला जातो, आणि तेव्हा मोटार धापा टाकते. चार तोंडं असताना काटा जिथं असतो, तिथून तो वर चढतोय, म्हणजे कुठेतरी पाचवं तोंड उघडलंय. फुटलेला पाइप असता तर काटा दिवसभर वर राहिला असता. हा तीनलाच चढत होता. म्हणजे माणसाचा हात. आणि तोंड उघडायची चावी अख्ख्या गावात एकाकडेच.

मला इतका आनंद झाला, की तो लिहायला लाज वाटते. मी संध्याकाळीच अण्णांकडे गेलो.

"लिंबाजी?" अण्णा म्हणाले. "तो तर गरीब मानूस हाय."

"काटा खोटं बोलत नाही, अण्णा. उद्या तीनला लाइनच्या शेवटाला जाऊन उभं राहा."

तुम्ही विचाराल, आधी लिंबाजीला विचारावं असं मला वाटलं नाही का? नाही वाटलं. बोलायचं नाही असा ठराव होता, हे एक कारण. पण ठराव नसता तरी मी विचारलं नसतं. विचारलं असतं तर तो सावध झाला असता, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तीनला मी पंपहाऊसमध्ये काट्याकडे बघत बसलो. दोन मिस्ड कॉल आले, पाळी बदलली. काटा चढायला लागला. थोड्या वेळानं फोन वाजला, आणि वाजतच राहिला. अण्णांचा होता.

"धरला."

लाइनच्या अगदी शेवटी एक तोंड असतं, नळ्यांत बसलेला गाळ धुवून काढायला. आठवड्यातून एकदा ते पाच मिनिटं उघडायचं असतं. लिंबाजीनं ते पूर्ण उघडलेलं होतं आणि पाणी माळावर वाहत होतं. अण्णा आणि भागवतराव बांधाच्या आडून निघाले तेव्हा तिथे तो एकटाच उभा होता. भागवतरावांनी विचारलं, "कुनासाठी सोडलं?" तो म्हणाला, "पाइप धूत व्हतो." "रोज?"  अण्णांनी चावी मागितली, त्यानं दिली. भागवतरावांनी त्याच्या तोंडात मारली, असं पुढे कानावर आलं. 

सभेत नारळ देऊन माझा सत्कार केला. चावीही माझ्याच हातात दिली. ज्या संस्थेला दोन माणसांची भीती वाटत होती, तिनं एकाच माणसाकडे सगळं सोपवलं. लिंबाजी आला नव्हता.

मोटार ट्रिप व्हायची थांबली. काटा दिवसभर आपल्या जागी. भागवतरावांच्या बागेला शेवटपर्यंत पाणी पोचायला लागलं. ते पंपहाऊसमध्ये आले, घड्याळ न घेता आले, आणि म्हणाले, "मिस्त्री, मपलं चुकलं." आमच्या गावात हे वाक्य मी त्याआधी ऐकलेलं नाही. मी अंगभर फुललो.

दहा-बारा दिवसांनी वीज बंद ठेवण्याचा वार आला. आता लाइन बघायचं कामही माझंच, म्हणून सकाळी चावी खांद्यावर टाकून, भागवतरावांच्या बागेच्याही पुढे, अगदी टोकापर्यंत चालत गेलो. शेवटच्या तोंडापाशी पोचलो आणि जमिनीकडे लक्ष गेलं. मुरमात गोल गोल खळगे होते, एकाशेजारी एक, ओळीनं. प्रत्येक खळग्याच्या कडेला तीन तीन दगड नीट लावलेले. घागर कलंडू नये म्हणून बायका लावतात तसे. मोजले तर सोळा भरले.

चोर पाणी नेतो तेव्हा पाटानं नेतो. घागरीनं नेत नाही. 

तिथून ओढ्याच्या पलीकडे ऊसतोड करणाऱ्यांची वस्ती होती. दिवाळीनंतर तिथली घरं बंद होतात. कोयता घेऊन माणसं दूरच्या कारखान्यांना जातात. मी ओढा उतरून गेलो. काही दारांना कुलपं, काहींना काटेरी फांद्या लावलेल्या. वाटलं, कुणीच नाही. मग एका दाराआडून आवाज आला.

"कोन हाय?"

बाहेर एक म्हातारी आली. कौसाबाई तिचं नाव. तिनं आधी माझ्या खांद्यावरची चावी पाहिली, मग मला.

"आता कुनाला धराया आलाव?"

मी म्हणालो, "कुणाला नाही, मावशी. बघायला आलो."

"बगा की. म्हातारी मानसं हायती. लेकीसुना, लेकं समदी उसाला गेलीत. आमाला ऊस तोडाया जमत न्हाई, म्हनून ठिवलंय मागं. बसा म्हनलं असतं, पर घरात पानी न्हाई, अन्‌ पानी न देता बस म्हनायची आमाला सवं न्हाई."

मी उभाच राहिलो. विचारलं, "टँकर येत नाही?"

"गावात येतो. हितं ट्रिप मंजूर न्हाई. तपासायला मानूस आलता, तेनं कुलपं बगितली अन्‌ लिवलं, वस्ती रिकामी. आमी आतच बसलोतो की. उन्हाचं दार लावून."

आता आणखी दोन-तीन दारं किलकिली झाली होती. एक म्हातारा काठी टेकत आला. आता पाणी कुठून आणता, असं मी विचारल्यावर कौसाबाई सांगू लागली. धरणाच्या गाळातून. पाणी लांब गेलंय, आधी गुडघाभर चिखल. परवा एक जणी त्यात रुतून पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती आतल्या खोलीत होती. तिचं कण्हणं मला उभ्या जागी ऐकू येत होतं, आणि इतका वेळ मी ते शेळीचं समजत होतो.

"लिंबाजी रोज अर्दा तास द्यायचा," कौसाबाई म्हणाली. "पाळी बदलायच्या टायमाला. तुमी लोक आलते तवा आमी घागरी घेऊन वड्यात दडलो. तो म्हनलाता, कुनी आलं तर दडायचं, काय बी झालं तरी वर यायचं न्हाई."

"त्यानं मला का नाही सांगितलं?"

"आमी म्हनलंतं की, मिस्त्रीला सांग. तर म्हनला, त्याला सांगितलं तर त्याला बी खोटं बोलावं लागंल. तेच्या दोन पोरी हायती लग्नाच्या. तेला कशाला वडायचं."

अकरा वर्षांत मी त्या माणसाशी माझ्या पोरींबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. त्यानं ते कुठून तरी ऐकून लक्षात ठेवलं होतं. मला त्याचं एकही पोर माहीत नव्हतं.

तिथून मी सरळ लिंबाजीच्या घरी गेलो. दारात पत्र्याची पेटी, भांड्यांचं गाठोडं, दोन कोयते. मुकादमाची गाडी त्याच दिवशी येणार होती. पन्नाशी उलटल्यावर तो आणि त्याची बायको पहिल्यांदा उसाला निघाले होते, कारण चोर म्हणून गावात कुणी कामाला लावत नव्हतं. मला बघून त्यानं सवयीनं हात जोडले. बायको उठून आत गेली.

"मी वस्तीवर गेलतो," मी म्हणालो. त्याच्याशी बोलताना माझ्या तोंडी आपोआप गावाचीच बोली आली.

त्यानं मान हलवली.

"लिंबाजी, सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर इस्वास ठिवला असता तुमी?"

मी खोटं बोलू शकलो असतो. नाही बोललो. म्हणालो, "न्हाई."

 मग त्यानं मला एक गोष्ट विचारली, आणि ती अगदी सरळ विचारली, एखाद्याला कामाचं शिकून घ्यायचं असतं तशी.

"मिस्त्री, मला मोटारीतलं कळत न्हाई. मी तोंड उघडलं अन्‌ मोटार बंद पडायची. तसं न व्हता बी पानी देता आलं असतं का?"

मला ते उत्तर द्यायचं नव्हतं. पण दिलं. पंपाशेजारी मोठा व्हॉल्व्ह असतो. तो तीन वाजता दोन आटे, म्हणजे चाकाचे दोन फेरे, आवळला असता तर पंपावरचा भार तेवढाच राहिला असता, काटा चढला नसता. पाचवं तोंड अर्धा तास सुखात चाललं असतं. बाकी झाडांना थेंबभर कमी मिळालं असतं, तेही कुणाला कळलं नसतं.

"दोन आटे," लिंबाजी म्हणाला.

"दोन."

आतून त्याची बायको बाहेर आली. ती सगळं ऐकत होती. "अवं, अकरा वर्सं एका पाइपावर काम केलं तुमी दोगांनी," ती म्हणाली, "अन्‌ एवडं बोलाया जमलं न्हाई?" आणि ती रडायला लागली. गाडीचा हॉर्न वाजला. मी पेटी उचलू लागलो, तर लिंबाजीनं ती माझ्या हातातून काढून घेतली. रागानं नाही. म्हणाला, "तुमी जावा. कुनी बगंल."

उसाचा हंगाम संपवून, पुढे तिकडेच मिळेल ते काम करून तो परत आला तेव्हा पाऊस पडून गेला होता. त्याला कामावर परत घ्या, असं मी सभेत म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. आधी वाटायचं, बोललो तर ते शेवटचं तोंड वेल्डिंग करून बंद करतील. ते दुष्काळात खरं होतं. पाऊस पडल्यावर ते कारण उरलं नव्हतं. मग उरलं फक्त माझं नाव. चोर पकडणारा म्हणून मिळालेलं. ते मला सोडवेना. कितीही वळणं घेतली तरी खरं कारण हेच आहे.

मी निवृत्त झालो तेव्हा संस्थेनं समारंभ केला. अण्णा आता थकलेत, पण माइक हातात आला की तरुण होतात. त्यांनी माझी बाकी नोकरी दोन वाक्यांत संपवली आणि लिंबाजीची गोष्ट सविस्तर सांगितली. "काटा बगून चोर धरनारा मानूस! अन्‌ पुरावा काय? तर त्याला काडल्यापासून मोटार एकदा बी ट्रिप झाली न्हाई." टाळ्या पडल्या. मी शाल घेतली. लिंबाजी शेवटच्या रांगेत बसला होता. तोही टाळ्या वाजवत होता. उठून निघताना तो जवळ आला आणि म्हणाला, "लई चांगलं बोलले अण्णा." तो टोमणा होता की नव्हता, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि त्याला विचारायचं धाडस होत नाही.

अण्णा हा अंक वाचतात. भागवतरावही वाचतात, आधी कुणाचं काय छापून आलंय ते बघून. म्हणून दोघांसाठी इथे लिहितो. अण्णा, तुमचा पुरावा खरा आहे. लिंबाजी गाडीत बसून गेला त्या दिवसापासून मोटार एकदाही ट्रिप झाली नाही. कारण दुसऱ्या दिवसापासून पाऊस येईपर्यंत, वीज असेल त्या प्रत्येक दिवशी, तीन वाजता मी पंपाचा व्हॉल्व्ह दोन आटे आवळून, मोटार तशीच चालू सोडून, सायकलवर टोकाला जायचो आणि ते पाचवं तोंड स्वतःच्या हातानं उघडायचो.